घोंगडं कुणाच्या खणात?

प्रदर्शनाच्या दारात तिकिटाच्या टेबलावरच्या पोरानं मान वर न करता मला सांगितलं, "सुट्टे द्या काका, नाहीतर मागनं घ्या." एकतीस वर्षं हेच वाक्य मी याच चालीत लोकांना ऐकवलं. मिरज आगारात कंडक्टर होतो. आता माझ्याकडं शंभराची नोट होती आणि त्याच्याकडं मोड नव्हती. मोठ्यांना तीस रुपये, ज्येष्ठांना पंधरा, शाळेच्या पोरांना दहा. मी, आमची मंडळी आणि आठवीतली नात, मिळून चाळीस झाले. पोरानं तिकिटाच्या पाठीवर पेनानं ६० लिहिलं आणि त्याला गोल केला. ही रीत त्याला कुणी शिकवली कोण जाणे, पण मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. मंडळींचा सौदा मात्र अजून चालूच होता. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालंय, तेव्हापासून ही जाईल तिथं विचारते, "बायकांना हाफ नाही का?" पोरगं म्हणालं, "आजी, ज्येष्ठ म्हणून हाफच दिलंय की." "मग त्याच्या निम्मं," ही म्हणाली. मागची रांग हसायला लागली.

प्रदर्शन सांगलीच्या विश्रामबागेत एका शाळेच्या सभागृहात मांडलंय. इतिहासाचं वेड असलेले काही मास्तर, दोन प्राध्यापिका आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ यांनी गावोगाव हिंडून वस्तू गोळा केल्यात. विषय असा, की आपल्या जिल्ह्यात किती तऱ्हेची माणसं राहतात, कुठून आली, पोट कशावर भरतात, कुठल्या देवाला जातात. दारातच भिंतीएवढा नकाशा लावलाय आणि तो झकास आहे. सांगली, मिरज, जत ही संस्थानं, औंधकडचा आटपाडीचा तुकडा आणि जुन्या साताऱ्याचे तालुके, सगळं वेगवेगळ्या रंगांत. १९४९ साली हे तुकडे जोडून दक्षिण सातारा जिल्हा केला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. मी नोकरीला लागलो त्या काळातसुद्धा वाळव्याकडचं एखादं म्हातारं माणूस "आमचा दक्षिण सातारा" म्हणायचं. नातीला मी नकाशावर माझे रूट दाखवले. मिरजेपासून जतपर्यंत बोट फिरवत किती वेळा रंग बदलतो ते ती मोजत बसली. तिला खरं तर लवकर आत जाऊन उरकायचं होतं, पण या नकाशानं तिला दहा मिनिटं धरून ठेवलं. मास्तर लोकांचं इथं कौतुक करायला पाहिजे.

आत प्लायवूड उभं करून चौदा खण पाडलेत. एका खणात एक समाज. प्रत्येक खणात कापडाच्या दुकानात असतो तसला एक पुतळा, त्याच्या अंगावर त्या समाजाचा पोशाख, शेजारी टेबलावर चार वस्तू आणि मागं फलक. पुतळे सगळे एकाच ठिकाणाहून आणलेले दिसतात. धनगर असो, सोनार असो, कोळी असो, नाक तेच, रंग गोरापान आणि बोटं अशी लांबसडक की आयुष्यात पाण्याची घागर उचलली नसेल. एका पुतळ्याचा फेटा घसरून डोळ्यांवर आला होता. तो मी हळूच वर सारला, तर स्वयंसेवक मुलगी धावत आली, "हात लावू नका." बरोबर आहे तिचं.

धनगरांच्या खणात मी सगळ्यांत जास्त वेळ काढला. काठी, आरेवाडीच्या बिरोबाच्या बनाचा फोटो, ढोल, आणि मधोमध अंथरलेलं काळं घोंगडं. या घोंगड्याशी माझी जुनी ओळख आहे. जत तालुक्यात मुक्कामी गाडी घेऊन जायचो. रात्री नऊला गाडी गावात लागायची आणि पहाटे साडेपाचला सुटायची. ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर झोपायचा, मी देवळात. पहिल्याच थंडीत एका म्हाताऱ्या मेंढक्यानं काही न विचारता अंगावर घोंगडं टाकलं. नवं होतं. रात्रभर असं टोचलं की झोप कसली लागते! लोकरीचा वास वेगळाच. सकाळी त्याला म्हटलं, "आबा, हे चावतंय की." म्हातारा म्हणाला, "चावंल काय दीस, मग तुला सोडायचं न्हाई." खरंच सोडलं नाही. त्यानं ते परत घेतलंच नाही, आणि आजही आमच्या माळ्यावर आहे. पावसात डोक्यावरनं त्याची खोळ केली की पाणी ओघळून जातं.

आता गंमत बघा. या खणाच्या फलकावर "धनगरांचे पारंपरिक घोंगडे" असं लिहिलंय. मेंढी धनगराची, लोकर त्यानं कातरली, सूतही बऱ्याचदा त्याच्याच घरातल्या बायकांनी कातलं, इथवर ठीक. पण विणलं कुणी? घोंगडं विणतात सनगर. जमिनीत खड्डा करून बसवलेल्या मागावर. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात म्हणून ते सुरुवातीला इतकं ताठ असतं. चिंचोके भाजायचे, सालं काढायची, भिजवून वाटायचे, शिजवायचे आणि ती पेज कुंच्यानं ताण्यावर ओढायची. मला हे माहीत आहे कारण बाजाराच्या दिवशी चिंचोक्यांची पोती घेऊन गाडीत चढणारे सनगर मी पाहिलेत, आणि त्या पोत्यांच्या लगेजवरून त्यांच्याशी भांडलोही आहे. चौदा खणांत सनगरांना खण नाही. बरं, खण नसू दे. पण घोंगड्याच्या पाटीवर त्यांचं नावही नाही. शिवाय शेजारी मेंढीचा जो मोठा फोटो लावलाय तो माडग्याळी मेंढीचा. बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, देखणं जनावर. पण माडग्याळी मेंढी पाळतात ती मटणासाठी. तिच्या अंगावर लोकर असते किती? काळ्या घोंगड्याच्या पाठीमागं दख्खनी काळी मेंढी हवी. हे मी तिथल्या मास्तरांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि "काका, फोटो चांगला आला होता हो," अशी कबुलीही दिली.

इथंच या प्रदर्शनाबद्दल माझी एकमेव मोठी तक्रार आहे. माणसं खणांत राहत नाहीत. मी एकतीस वर्षं त्यांना एकाच गाडीत बघितलंय, तिघांच्या सीटवर चौघं. एकाचं कोकरू दुसरीच्या मांडीवर, तिसऱ्याचा डबा चौथ्याच्या पिशवीखाली. मला विचारलं असतं तर मी समाजाचे खण पाडलेच नसते, वस्तूंचे पाडले असते. घोंगड्याचा एक, हळदीचा एक, तंबोऱ्याचा एक. मग धनगर, सनगर आणि बाजारातला व्यापारी आपोआप एकाच ठिकाणी उभे राहिले असते.

लिंगायत समाजाच्या खणात आमची मंडळी अडकली. ती जत तालुक्यातली, माहेरी घरात कन्नडच. गुड्डापूरच्या दानम्मा देवीचा फोटो बघून तिनं हात जोडले, मग चष्मा लावून खालची कन्नड पाटी वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. दानम्माच्याच नावात अक्षर चुकलं होतं. तिनं स्वयंसेवक मुलीला बोलावलं, पेन मागितलं, मुलगी पेन देईना. शेवटी अभिप्रायाच्या वहीत ते नाव मोठ्या अक्षरांत काढून दिलं. जाता जाता तिनं दुसराही मुद्दा मांडला आणि तो मला जास्त पटला : "कन्नड पाटी फक्त याच खणात का? आमच्या गावात मुसलमान, मराठे, मातंग सगळेच घरात कन्नड बोलायचे." खरं आहे. उमदीच्या गाडीवर पहिल्या आठवड्यात मी "कुठं जायचं?" विचारत होतो, दुसऱ्या आठवड्यापासून "येल्लिग होगबेक्री?" म्हणायला लागलो. समोरचा कुठल्या जातीचा आहे हे बघून भाषा बदलावी लागत नव्हती, गाव बघून लागायची.

जैन खण नीटनेटका आहे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ ची, ती माहिती व्यवस्थित दिलीय. सांगली भागातला जैन हा बहुतेक करून शेतकरी आहे. बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं, त्यांना जैन म्हटलं की पेढीवरचा माणूसच दिसतो. तो गैरसमज फलकानं काढलाय हे बरं झालं. मला मात्र संध्याकाळच्या गाडीतल्या आज्या आठवल्या. "गाडी दीस बुडायच्या आत पोचंल का?" असं दर दोन स्टॉपला विचारायच्या. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही ना. एकदा टायर पंक्चर झाला, उशीर होणार हे दिसत होतं, तेव्हा ड्रायव्हरनं आणि मी मिळून एका आजीला रस्त्याकडच्या झाडाखाली बसवून डबा उघडायला लावला. जॅक लावायच्या आधी आजीचं जेवण. असलं काही फलकावर येत नाही, ते ठीक आहे.

व्यापाऱ्यांच्या खणात हरिपूरच्या पेवाची मातीची प्रतिकृती आहे, उभी अर्धी कापून ठेवलेली. प्रदर्शनातलं हे दुसऱ्या नंबरचं काम. वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं फुगलेलं पोट. हरिपूरच्या जमिनीत असली पेवं खणून त्यांत हळद साठवायचे. माती अशी की वर्षानुवर्षं हळकुंडाला कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि सगळं गणितच बिघडलं, हेही फलकावर लिहिलंय. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तर ठळक अक्षरांत. पण मी तिथं उभा असताना एक वयस्कर गृहस्थ शेजारी येऊन थांबले. धोतर, टोपी, खांद्याला जुनी गाठ आलेली. हमालाचा खांदा लगेच ओळखू येतो. त्यांनी माझ्या नातीला पेवात कसं उतरायचं ते तिथंच करून दाखवलं. दोन्ही हात डोक्यावर सरळ, एक खांदा वर, एक खाली, श्वास सोडून अंग बारीक. "पेव उघडलं की लगेच उतरायचं न्हाई बाळा. आत कोंडलेली हवा असते, ती माणूस मारती. आधी कंदील सोडायचा. कंदील विझला की आपून बी थांबायचं." नात तोंड उघडं टाकून ऐकत होती. फलकावर व्यापारी आहेत, हळदीची जात आहे, साल आहे. आत उतरणारा माणूस नाही. आयोजकांनी त्या गृहस्थांना खुर्ची देऊन रोज दोन तास त्या पेवाशेजारी बसवावं, एवढीच माझी सूचना. फलक नसला तरी चालेल.

गलाईवाल्यांचा खण छोटा आहे पण चुकवू नका. मातीची मूस, छोटी भट्टी, भाता आणि देशाच्या नकाशावर टाचण्या. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या भागातली माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलीत. केरळ, तमिळनाडूपासून दिल्लीपर्यंत सराफाच्या गल्लीत एखादा विटेकर सापडतोच. जुन्या सोन्यात चांदी मिसळलेली असेल तर तेजाबात टाकायचं, चांदी विरघळते, सोनं तळाला राहतं. ही माणसं गेली ती हौसेनं नाही. पाऊस नाही, रानात काही पिकेना, म्हणून गेली. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला ती मिरजेला रेल्वेनं उतरायची आणि आमच्या विट्याच्या गाडीत बसायची. आईबाप गावरान मराठीत भांडायचे आणि मागच्या सीटवर त्यांची पोरं आपसात तमिळ नाहीतर मल्याळी बोलायची. एकदा एका पोरानं मला तिकीट मागितलं ते तमिळमध्ये. बापानं पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच लाजला. टाचण्यांचा नकाशा बघताना मला तो बाप आठवला.

पठ्ठे बापूरावांचं काय करावं हे आयोजकांना कळलेलं दिसत नाही. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांचा पोरगा, तमाशात गेला, नाचणाऱ्या पवळाबरोबर फड उभा केला, आणि सगळ्या महाराष्ट्रानं त्याला डोक्यावर घेतलं. त्यांचा फोटो ब्राह्मण खणात नाही, कलावंतांच्या खणात आहे. पवळाचं नाव बारीक अक्षरांत खाली आहे. कवलापूरचे काळू-बाळू मात्र दणक्यात लावलेत. ते चांगलंच आहे. कवलापूरची गाडी असायची तेव्हा तमाशाचा विषय निघाल्याशिवाय ती गाडी सांगलीत पोचली, असं झालं नाही.

कडेगावच्या ताबुताची प्रतिकृती कुठल्याच खणात बसेना म्हणून जिन्याखाली ठेवलीय. उंचीमुळं असेल. पण मोहरमचे ते गगनचुंबी ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उभारतात, मानकरी दोन्हीकडचे, तेव्हा तिची जागा योगायोगानं बरोबर पडली. कळकाच्या कामट्या, चिकणमाती, दोऱ्याच्या गाठी आणि रंगीत कागद. तिथले लोक अभिमानानं सांगतात, "आमच्यात आधी कळस, मग पाया." तसंच मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याचं. उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. त्या गलेफाच्या मिरवणुकीचा सुंदर फोटो मुस्लिम खणात लावलाय, पण खाली फक्त "उरूस, मिरज" एवढंच. ज्याला माहीत आहे त्यालाच कळणार. मग फोटो लावून काय केलं?

एका खणाबद्दल लिहायला नको वाटतंय, पण लिहितो. बाकीच्या सगळ्यांना एकेक खण आणि पारधी, वैदू, डोंबारी, नंदीवाले, माकडवाले या सगळ्यांना मिळून एक. त्यातही पुतळा नंदीवाल्याचा, कारण नंदीची झूल दिसायला चांगली. फलक मात्र या खणाचा सगळ्यांत चांगला लिहिलाय. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवलं, पुढं हजेरी लावल्याशिवाय गाव सोडता येईना, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कागदावरून निघाला. कागदावरून, हा शब्द त्यांनीच वापरलाय. मी तो वाचला आणि मला कवठेमहांकाळच्या अलीकडचा एक फाटा आठवला. पावसाळ्याचे दिवस, गाडी अर्धी रिकामी. फाट्यावर एक पारधीण, कडेवर एक पोर, हाताला एक, डोक्यावर बोचकं. तिनं हात केला, ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मागनं दोघं-तिघं म्हणाले, "कशाला घेताय मास्तर, पिशव्या सांभाळत बसावं लागंल." मी दोरी ओढली. डबल बेल. ड्रायव्हरनं गिअर टाकला. ती थोडी पळाली, मग थांबली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नातीनं विचारलं, "आबा, काय वाचताय एवढं?" मी म्हटलं, "बारीक अक्षर आहे, वेळ लागतोय."

मिरजेच्या वाद्यांचा खण शेवटी आहे आणि या एका खणासाठी तीस रुपये द्यावेत. इथं पुतळा नाही. एक कारागीर रोज संध्याकाळी स्वतः येऊन बसतात. मी गेलो तेव्हा त्यांच्यापुढं अर्धवट झालेला तंबोरा होता, आणि शेजारी सुकलेले, अर्धे कापलेले भोपळे. भोपळे बघितल्यावर माझ्या पोटात गोळा आला. त्याचं कारण सांगतो. हे भोपळे पंढरपूर भागातून येतात. कडू जातीचे, खायच्या उपयोगाचे नाहीत. माझ्या उमेदीच्या दिवसांत पंढरपूर-मिरज गाडीच्या टपावर त्यांची जाळी यायची. एका खेपेला एका लग्नाच्या वऱ्हाडाची लोखंडी पेटी मी त्या जाळ्यावरच चढवून घेतली. मिरजेत उतरवताना एक भोपळा फुटलेला निघाला. घेऊन आलेले चाचा रागावले नाहीत. फुटलेली फाक हातात धरून उन्हाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "ऐसा गोल सौ में एक आता है, मास्तर." मी मनात म्हटलं, भोपळ्याचं एवढं काय!

एवढं काय ते परवा कळलं. कारागिरांनी नातीला समोर बसवून सगळं सांगितलं. भोपळा वर्षभर सुकवायचा. त्याचा आकार बघून ठरवायचं की यातून बायकी आवाजाचा तंबोरा निघेल का पुरुषी, का सतार. कापून पाण्यात भिजवायचा, आतला गर खरवडायचा आणि तोंड आवळू नये म्हणून आत कळकाच्या काटक्या आडव्या-उभ्या ताणून बसवायच्या. वर तुणीच्या लाकडाची तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरचं झाकण, दांडी, मग चपडा लाखेचं पॉलिश. हे सगळं हातानं. सुतारकाम म्हणून हे कुणीही शिकेल, असं ते म्हणाले. खरी परीक्षा जवारीची, म्हणजे तारेचा झंकार जुळवायची. घोडीवरनं, म्हणजे तबलीवरच्या तार टेकायच्या पट्टीवरनं, तार जिथून जाते तिथं तिनं घोडीला लागायचं पण आणि नाही पण. पूर्वी घोडी सांबरशिंगाची असायची, आता फायबरचीही येते. त्यांनी तार छेडली. सरळ, कोरडा आवाज. मग बारीक कानस घेऊन घोडीवर दोनदा फिरवली, फुंकर मारली, परत छेडली. तसाच. आणखी एकदा कानस, अगदी अंगावरची धूळ पुसावी एवढीच. मग तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवला आणि छेडली, तर आवाज एकदम फुलला आणि कितीतरी वेळ खोलीत फिरत राहिला. गाडी न्यूट्रलला उभी असली की मागच्या खिडकीचा पत्रा एका सुरात गुणगुणतो, मी तासन् तास ऐकलाय, तसा. मी हे बोललो तर कारागीर हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे, तो पत्राही लागतो पण आणि नाही पण."

ही माणसं मूळची शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारींना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली, संस्थानात गाण्याला आश्रय होता, तेव्हा फरीदसाहेबांनी आणि त्यांच्या घरातल्यांनी तंबोरे करायला घेतले आणि हळूहळू आडनावच सतारमेकर झालं. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, दर्ग्यात गायले, १९३७ साली प्रवासात एका रेल्वे स्टेशनावर गेले आणि दर्ग्यातच त्यांना दफन केलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच आले होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली मानांकन मिळालं. हे सगळं फलकावर आहे आणि बरोबर आहे. पण मी कारागिरांना त्या फुटलेल्या भोपळ्याची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, "कुठल्या साली?" मी अंदाजानं साल सांगितलं. ते म्हणाले, "मग आमच्याच घरात आला असेल तो. चुलते जायचे पंढरपूरला." मग कानस खाली ठेवून म्हणाले, "फुटका भोपळा टाकत नाही आम्ही. शिकाऊ पोरांना खरवडायला देतो." यानं माझं समाधान व्हावं म्हणून ते म्हणाले का खरंच तसं आहे, मी विचारलं नाही.

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचा, म्हणजे डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या दवाखान्याचा, खण ख्रिस्ती समाजाच्या नावानं आहे. दोन फोटो आणि एक फलक. घाईत उरकलेला वाटला. कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे पेशंट आमच्या गाड्यांतून या एका दवाखान्यासाठी यायचे. त्या मानानं फारच कमी.

आता सोयीगैरसोयीचं. फलकांची अक्षरं लहान आणि काही फलक गुडघ्याच्या उंचीवर. माझ्या वयाच्या माणसानं वाकायचं किती? बसायला खुर्ची एकही नाही, मंडळी शेवटी जिन्याच्या पायरीवर ताबुताशेजारी बसली. धनगरी ओव्या ऐकायला हेडफोन ठेवलेत दोन, त्यातला एक बंद, दुसऱ्याची वायर चिकटपट्टीनं जोडलेली. एका कानातच ओवी येते. तरी ऐका. पंखे आहेत पण खणांच्या फळ्यांमुळं वारा आत पोचत नाही. चहा गेटाबाहेर, बरा असतो. एसटीचं जुनं सामान मांडायला माझ्याकडं मागत होते, पण तिकिटांचा ट्रे आणि पंच रिटायर होताना आगारात जमा करावा लागतो. शिट्टी तेवढी घरी आहे, ती देईन म्हणालो.

जायचं असेल तर दुपारी दीड ते तीन टाळा, जेवणाची सुट्टी असते आणि मधेच दार लावून घेतात. कारागीर चारच्या पुढं येतात. सोबत एखादं पोर न्या, कारण पोराला बघून माणसं जास्त बोलतात. आणि मोड घेऊन जा. आम्ही तंबोऱ्यात असे रमलो की बाहेर पडताना साठ रुपये घ्यायचे राहूनच गेले. घरी आल्यावर तिकीट उलटं केलं तेव्हा दिसलं. मंडळींनी ऐकवायचं ते ऐकवलं. रविवारी पुन्हा जातोय, शिट्टी द्यायची आहे आणि साठ रुपये घ्यायचे आहेत.